सुई निसटायला लागली तेव्हा

आमच्या वडलांकडून आलेला एक आजार आमच्या घरात आहे, हंटिंग्टन म्हणतात त्याला. मी ५३ वर्षांची, नाशकात सिडकोत राहते, घरीच ब्लाऊज आणि ड्रेस शिवते. हा आजार मला सुरू झालाय का हे शोधायच्या सगळ्या प्रकारातनं मी गेल्या दोनतीन वर्षांत गेले. आजार म्हणजे काय हे सांगणारं तेव्हा मला भरपूर मिळालं, पण तपासायला गेलं की नेमकं काय करतात, काय विचारतात, घरात काय होतं, हे आपल्या भाषेत सांगणारं माणूस काही भेटलं नाही, म्हणून हे लिहितेय.

थोडक्यात सांगते. मेंदूच्या आत खोलवर असलेल्या काही पेशी हळूहळू मरत जातात. बोटं, खांदे, चेहरा आपोआप हलायला लागतो, चालताना तोल जातो, पुढे बोलणं जड होतं आणि गिळायला त्रास होतो. पण बऱ्याच जणांत ह्याच्या कितीतरी आधी स्वभावच बदलतो, चिडचिड होते नाहीतर कशातच रस राहत नाही, चार कामं ओळीने लावणं जमत नाही. साधारण तिशी ते पन्नाशीत सुरू होतो, पण साठीनंतर सुरू झालेलेही लोक असतात. आईला किंवा वडलांना असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. आणि ज्याच्यात तो आलाच नाही त्याच्या पोराबाळांतही तो जात नाही. आमच्या गावाकडे म्हणायचे की असले आजार एक पिढी सोडून येतात, पण हा तसा येत नाही. मधल्या पिढीतलं माणूस लक्षणं दिसायच्या आधीच दुसऱ्या कशाने गेलं तर तसं वाटतं फक्त. आमच्या काकांचं तेच झालं, पस्तिशीच्या आतच ते गाडीच्या अपघातात गेले, त्यामुळे त्यांच्याकडे हा होता हे कुणाला कळायचा प्रश्नच आला नाही.

अण्णांचं मात्र सगळं आमच्या डोळ्यासमोर झालं. चांदवडकडचे आम्ही, अण्णा सातपूरला कंपनीत फिटर होते. पक्के माळकरी. पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला दरवर्षी पायी जायचे, आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवले नाहीत. पन्नाशीच्या आसपास त्यांची बोटं हलायला लागली, बसल्या जागी पेटी वाजवल्यासारखी, मग खांदा उडायचा, मग चालताना पाय भलतीकडे पडायचा. आणि लोक म्हणायला लागले की हा पिऊन येतो. कंपनीत सुपरवायझरने सगळ्यांसमोर त्यांच्या तोंडाचा वास घेतला होता, ते घरी येऊन आईला सांगताना अण्णा रडले ते मी दाराआडनं बघितलंय. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. नंतर घरी बसले, चिडायला लागले, ताट फेकायचे, आणि आम्हाला वाटायचं की नोकरी गेल्याने स्वभाव फिरला. एका डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितलं, एकांनी नसांचा त्रास. शेवटीशेवटी वजन पार उतरलं, पाणी पिताना ठसका लागायचा, आणि २००४ ला न्यूमोनियाने गेले. ह्या आजारात गिळताना अन्न-पाणी श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होतो आणि पुष्कळ पेशंट त्यानेच जातात, हे मला कळायला मधे खूप वर्षं जावी लागली.

अण्णांच्या आईची गोष्ट आणखीन वेगळी. आजीच्या अंगात यायचं म्हणायचे. हात असे हवेत जायचे, मान फिरायची, बायका येऊन तिच्या पायावर कुंकू वाहायच्या, तिला वणीच्या गडावर घेऊन जायचे. आता सगळं ओळीत लावून बघितलं की कळतं, तिच्याही शरीरात तेच चाललेलं होतं. आजीच्या पाया पडले आणि तिच्याच मुलाला दारूडा म्हणाले. मला ह्याचा फार त्रास होतो अजून, आणि घरातल्या पोरांना अण्णांची गोष्ट मी मुद्दाम पुन्हा पुन्हा सांगते, ते पीत नव्हते, आजारी होते.

आजाराचं नाव आमच्या घरात आलं ते चुलतभावामुळे, म्हणजे त्याच अपघातात गेलेल्या काकांच्या मुलामुळे. तो पुण्याला असतो. ४४ व्या वर्षी त्याला हालचाली सुरू झाल्या, तिथल्या न्यूरॉलॉजिस्टने घरात कुणाला काय होतं हे नीट बसून विचारलं आणि रक्ताची जीनची टेस्ट, म्हणजे आईवडलांकडून आलेला दोष आहे का हे बघणारी, करायला लावली. त्याचा रिपोर्ट त्याला मोबाईलवर पीडीएफ म्हणून आला, सिग्नलला गाडीवर असताना. घरी जाऊन बायकोला सांगायच्या आधी त्याने नेटवर सगळं वाचून काढलं होतं. त्याने मला फोन केला आणि म्हणाला, ताई, अण्णाकाकांना जे होतं ना ते मला आहे, आणि तुम्हा बहिणींना पण असू शकतं, लपवून ठेवणं मला बरं वाटेना. तो फोन करायला त्याला किती जड गेलं असेल.

आम्ही दोघी बहिणी, मी मोठी. धाकटीने तेव्हाच सांगितलं की मला ह्यातलं काहीएक जाणून घ्यायचं नाही, माझ्यासमोर विषय काढू नकोस. मी मात्र स्वतःकडे बघायला लागले.

आणि बघायला लागलं की सगळीकडे दिसायला लागतं. तुरपाई करताना सुई बोटातनं निसटायची. हुक लावताना दोनदा पडायचा. रात्री उजवा हात बधिर होऊन जाग यायची. मेन रोडवरनं अस्तर आणायला जायचं आणि येताना मॅचिंग दोरा विसरून यायचं. ह्यांच्यावर ओरडायचे, मग वाटायचं हे मी ओरडतेय का अण्णा ओरडतायत? पाळी जायचे दिवस होते ते, त्या वयात कुठली बाई चिडत नाही, पण तेव्हा असा विचार सुचतच नाही. टीव्ही बघताना पायाचा अंगठा हलला तरी मी टीव्ही सोडून अंगठ्याकडे बघत बसायचे. गिऱ्हाईक समोर बसलं की हात मांडीखाली दाबून ठेवायचे. हे सगळं वर्षभर तरी चाललं असेल आणि ते दिवस मला पुढच्या रिपोर्टपेक्षाही वाईट गेले असं मी आज म्हणेन.

शेवटी हेच म्हणाले की तू रोज स्वतःची परीक्षा घेतेस त्यापेक्षा ज्याला कळतं त्याला एकदा घेऊ दे. मग नाशकातल्याच एका न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. जायच्या आधी मी एक कागद केला, वंशावळीसारखा, आजी, तिची मुलं, कुणाला काय होतं, कितव्या वर्षी सुरू झालं, कशाने गेले. चुलतभावाच्या रिपोर्टची कॉपी सोबत घेतली. ह्या दोन कागदांनी फार फरक पडतो, कारण आपल्याकडे हा आजार क्वचित बघायला मिळतो आणि नुसतं हात थरथरतो म्हटलं की डोकं भलतीकडे जातं. डॉक्टरांनी तो कागद पाचेक मिनिटं वाचला आणि मग पेन खाली ठेवून म्हणाले, चला, सावकाश करू.

तपासणी कशी असते ते नीट सांगते, कारण मला वाटलं होतं की डायरेक्ट मशीनमध्ये घालतील. मशीन नंतर आलं. आधी त्यांनी दोन बोटं दोन बाजूला धरली आणि डोकं न हलवता, पापणी न मिटता ह्या बोटाकडे, आता त्या बोटाकडे असं झटकन बघायला लावलं. ह्या आजारात डोळ्यांचा हा वेग आधी मंदावतो, नाहीतर नजर फिरवायला माणूस नकळत मान हलवतो नाहीतर पापणी मिटतो. मग जीभ बाहेर काढून दहा सेकंद तशीच ठेवायची. ऐकायला सोपं वाटतं, पण हंटिंग्टनच्या पेशंटची जीभ आत जाते, ती बाहेर राहत नाही. मला एकदम अण्णा आठवले, दवाखान्यात घसा दाखव म्हटलं की त्यांची जीभ आत पळायची आणि कंपाउंडर हसायचा. मग डॉक्टरांची दोन बोटं मुठीत घट्ट धरून ठेवायची, दाब कमीजास्त होतो का बघतात. अंगठा आणि पहिलं बोट भराभर टेकवायचं. मग टेबलावर मूठ, मग हाताची कड, मग तळवा, परत मूठ, कड, तळवा, हे न चुकता करत राहायचं. सरळ रेषेत टाचेला पाऊल लावून चालायचं. मागनं खांदे धरून अचानक ओढतात, तोल सावरता येतो का बघायला. मधेच गप्पा मारल्यासारखं शंभरातून सात सात वजा करायला लावलं, ठराविक अक्षराने सुरू होणारे शब्द भराभर सांगायला लावले. आणि हे सगळं चालू असताना, मी उलटे आकडे मोजत असताना, ते माझ्या बोटांकडे आणि पायांकडे बघत होते, कारण डोकं कामात गुंतलं की दाबून ठेवलेल्या हालचाली बाहेर येतात.

मी म्हटलं, डॉक्टर, मी घरी रोज आरशासमोर बघते हो. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी कधीच विसरणार नाही. ह्या आजाराची गंमत नाही पण खासियत म्हणा, ज्याला होतो त्याला स्वतःच्या हालचाली बऱ्याचदा जाणवतच नाहीत, मेंदूचा तो भागच बिघडलेला असतो. त्यामुळे आरशाचा भरवसा धरू नका, दिसतंय म्हणून घाबरू नका आणि दिसत नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. घरातलं एक माणूस ठरवा, त्यांनी बघायचं, तुम्ही नाही. ह्यांच्याकडे बघून म्हणाले, तुम्ही.

आणि मग दुसरी गोष्ट समजावली, जी माझ्या डोक्यात तोपर्यंत एकच होती. जीन आहे का हा एक प्रश्न, आणि आजार सुरू झालाय का हा वेगळा प्रश्न. पहिल्याचं उत्तर रक्तात मिळतं. दुसऱ्याचं रक्तात मिळत नाही, ते तपासून, आणि बऱ्याचदा वर्षा-वर्षाने पुन्हा तपासून ठरतं. म्हणजे जीन असला तरी आज हात बधिर होतोय तो त्यानेच होतोय असं नाही. डॉक्टर ह्याला शून्य ते चार असे मार्क देतात, शून्य म्हणजे काहीच नाही, चार म्हणजे नव्व्याण्णव टक्के खात्री. मला त्यांनी एक दिला. बारीकसारीक काही आहे, पण ते कशाचंही असू शकतं.

मग कशाचं असू शकतं तेही बघितलं. बी-१२ कमी निघालं, थायरॉईड ठीक. हाताच्या नसांची तपासणी केली, त्यात मनगटापाशी नस दबलेली सापडली, कार्पल टनेल. इतकी वर्षं कात्री आणि मशीनवर काम, म्हणजे होणारच होतं. रात्री मनगटाला पट्टा लावून झोपायचं, बास. पट्टा लावल्यावर पंधरवड्यात हात रात्री बधिर व्हायचा थांबला आणि सुईसुद्धा बऱ्यापैकी हातात राहायला लागली. एमआरआय झाला, त्यात वयाच्या मानाने ठीक असं आलं, पण डॉक्टरांनी बजावलं की सुरुवातीला एमआरआय चांगला असू शकतो, त्यावर जाऊ नका.

इथे थांबता आलं असतं. हे म्हणाले पण, की हात बरा झाला ना, मग कशाला पुढचं. पण मला पहिला प्रश्न सोडवत नव्हता, कारण आता तो माझ्या एकटीचा राहिला नव्हता, लेकीचं लग्नाचं वय झालेलं. डॉक्टरांनी टेस्ट लगेच लिहून दिली नाही. आधी मुंबईला एका मोठ्या हॉस्पिटलात जेनेटिक काउन्सेलिंगला जा म्हणाले, तिथे सगळं बोलून झाल्यावरही करावीशी वाटली तर करा. पंचवटी एक्सप्रेस पकडून गेलो.

काउन्सेलर मॅडम माझ्या लेकीपेक्षा थोड्याच मोठ्या असतील, पण त्यांनी ज्या शांतपणे ऐकून घेतलं तसं मला आयुष्यात फार कमी लोकांनी ऐकून घेतलंय. त्यांनी आधी विज्ञान समजावलं. चौथ्या क्रोमोसोमवर, म्हणजे गुणसूत्रावर, एक जीन आहे, त्यात सीएजी अशी तीन अक्षरं एकापुढे एक पुन्हा पुन्हा येतात. सगळ्यांच्यातच येतात. २६ पर्यंत आली तर नॉर्मल. २७ ते ३५ मध्ये स्वतःला होत नाही, पण मुलांत आकडा वाढू शकतो. ३६ ते ३९ मध्ये होईल किंवा होणार नाही. ४० किंवा वर असेल तर पुरतं आयुष्य मिळालं तर होणारच. कापडात एकाच जागी तेच टाके जास्त पडले की तिथे जसं आखडतं, तसं मी ते मनात धरलं. वडलांकडून येताना हा आकडा वाढण्याची शक्यता जास्त असते आणि आकडा मोठा असेल तेवढा आजार लवकर येतो, चुलतभावाला ४४ व्या वर्षीच का, ते तेव्हा समजलं.

मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. आत्ताच का करायचीय टेस्ट, गेल्या वर्षी का नाही? रिपोर्ट आला आणि जीन आहे असं निघालं तर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय कराल? नाही निघाला तर? मी म्हटलं नाही निघाला तर पेढे वाटीन, तर त्या म्हणाल्या, तुमच्या बहिणीचं काय, तिला कसं वाटेल, तुम्हाला तिच्याकडे बघून कसं वाटेल? पुष्कळ लोकांना नसल्याचाही धक्का बसतो म्हणे, की मी सुटले आणि भाऊ अडकला. आधी कधी खूप निराश होऊन जिवाचं बरंवाईट करावं असं मनात आलं होतं का, हेही सरळ विचारलं. विम्याचे कागद कुठे आहेत ते विचारलं. २०१८ ला दिल्ली हायकोर्टाने आनुवंशिक आजार विम्यातनं सरसकट वगळणं चुकीचं आहे असा निकाल दिलाय, पण तरीही टेस्टच्या आधी पॉलिसी काय आहेत, त्यात काय लिहिलंय हे बघून घ्या म्हणाल्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुठल्याही टप्प्यावर तुम्ही थांबू शकता. रक्त दिल्यावर सुद्धा. पाकीट आल्यावर सुद्धा. ते न उघडता परत जायचा हक्क तुमचा आहे.

मी विचारलं की लोक काय करतात मग? तर कळलं की जगभरात ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यातले बहुतेक जण ही टेस्ट करतच नाहीत, कारण थांबवणारं औषध नाही. हालचाली कमी करायला टेट्राबेनाझिनसारखी औषधं आहेत, उदासी-चिडचिडीला औषधं आहेत, पण मूळ आजार थांबत नाही. त्यांनी नॅन्सी वेक्सलर ह्या अमेरिकन बाईंबद्दल सांगितलं. त्यांच्या आईला हंटिंग्टन होता. व्हेनेझुएलात माराकाइबो तलावाच्या काठी असा भाग आहे जिथे हा आजार घराघरात आहे, तिथे वर्षानुवर्षं जाऊन त्यांनी हजारो माणसांच्या वंशावळी आणि रक्ताचे नमुने गोळा केले, त्यातनं १९८३ ला जीनची जागा कळली आणि १९९३ ला जीन सापडला. म्हणजे ज्यांच्यामुळे ही टेस्ट आली, त्यांनी स्वतःची टेस्ट न करायचं ठरवलं. पुढे २०२० ला त्यांनी स्वतःच जाहीर सांगितलं की आजार त्यांनाही झालाय. हे ऐकून मला धाकट्या बहिणीचा राग यायचा थांबला. तोवर वाटायचं ती पळतेय. ती पळत नव्हती, तिने तिचं ठरवलं होतं. आणखी एक गोष्ट कळली तिने मला हायसं वाटलं, माझा रिपोर्ट काहीही आला तरी बहिणीची शक्यता बदलत नाही, तिची निम्मीच राहते. लेकीची मात्र बदलते. माझं माहीत नसताना तिची पाव होती, माझ्यात निघाला तर तिची निम्मी होणार आणि नाही निघाला तर संपलंच. म्हणून मी आधी लेकीला विचारलं. ती म्हणाली, आई, तू तुझ्यासाठी कर, माझ्यासाठी करू नकोस, माझं मी बघेन.

हे वाक्य घेऊन मी बरेच दिवस फिरले. शेवटी माझं उत्तर मला मिळालं ते असं, की मला नवीन मशीन घ्यायचं होतं, दोन मुली हाताखाली ठेवून काम वाढवायचं होतं, आणि मी ते सारखं पुढे ढकलत होते, कशाच्या तरी वाटेकडे डोळे लावून. मला ती वाट बघणं संपवायचं होतं. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, हे कारण पुरेसं आहे.

रक्त नेहमीच्या ट्यूबमध्येच घेतात, पाच मिनिटांचं काम. मग रिपोर्टला काही आठवडे. रिपोर्ट फोनवर सांगायचा नाही, मेल करायचा नाही, दोघांनी समोर बसून घ्यायचा असं आधीच ठरवून घेतलं होतं, आणि चुलतभावाचं ऐकल्यामुळे मी त्यावर हटून बसले. तुम्ही कुणी करणार असाल तर लॅबला आणि डॉक्टरांना हे आधीच स्पष्ट सांगा, कारण आजकाल रिपोर्ट आपोआप मोबाईलवर येतात. त्या मधल्या दिवसांत मी एक अख्ख्या लग्नाचे ब्लाऊज शिवून दिले, बाकी काही आठवत नाही.

१७ आणि ४१. प्रत्येकात दोन आकडे असतात, एक आईकडचा एक वडलांकडचा. १७ आईचा, ४१ अण्णांचा.

मॅडम गप्प बसल्या, मला वेळ दिला. हे माझा हात धरून होते. मी रडले नाही तेव्हा, मला अण्णांचा चेहरा दिसत होता आणि वाटत होतं की हा आकडा त्यांच्या खिशात असता तर कुणी त्यांच्या तोंडाचा वास घेतला नसता. रडले नंतर, इगतपुरीच्या पुढे, गाडीत. मॅडमनी पुन्हा समजावलं होतं की ४१ म्हणजे तारीख नाही. हाच आकडा असलेल्या लोकांत आजार सुरू व्हायच्या वयात मोठा फरक असतो. आणि हा रिपोर्ट म्हणजे आजार सुरू झाला असं नाही, ते तुमचे नाशिकचे डॉक्टरच बघून सांगतील.

त्यानंतर काय बदललं? मशीन घेतलं. दोन मुली कामाला आहेत, त्यातली एक आता माझ्यापेक्षा चांगली कटिंग करते आणि मी तिला मुद्दाम सगळं शिकवतेय. दर वर्षी तीच तपासणी, तीच जीभ, तेच मूठ-कड-तळवा. हे एका वहीत लिहितात, काय दिसलं, कधी दिसलं, आणि मला दाखवत नाहीत, डायरेक्ट डॉक्टरांना दाखवतात. ह्याने माझ्या डोक्यावरचं फार मोठं ओझं गेलं. अंगठा हलला तर आता मी तो ह्यांच्यावर सोडून देते. सकाळी पाथर्डी फाट्यापर्यंत चालते, तोल सांभाळायचे व्यायाम फिजिओने शिकवलेत ते करते. बँकेच्या खात्याला आणि घराच्या कागदांना ह्यांचं नाव लावून झालं, पुढे माझी बुद्धी नीट चालली नाही तर माझ्या वतीने कोणी ठरवायचं, मला नळीने खायला घालायचं की नाही, हे आत्ता शुद्धीत असताना लिहून ठेवलंय. लिहिताना हे बिथरले, पण अण्णांचे शेवटचे सहा महिने ज्याने बघितलेत तो हे टाळणार नाही.

यंदाच्या तपासणीत डॉक्टर डोळ्यांपाशी जरा जास्त वेळ थांबले. पुन्हा करायला लावलं. म्हणाले, गेल्या वर्षीपेक्षा वेग थोडा कमी वाटतोय, लिहून ठेवतो, पण एवढ्यावर नाव देणार नाही. मी विचारलं, एकचा दोन झाला का? म्हणाले, दोन म्हणू. म्हणजे असू शकेल, असं. वयानेही होतं, त्या दिवशी झोप कमी झाली होती त्यानेही होतं. पूर्वीची मी असते तर त्या दोनवर महिनाभर झोपले नसते. ह्या वेळी दोन दिवस गेले वाईट, खोटं कशाला सांगू, तिसऱ्या दिवशी मशीनवर बसले. चुलतभाऊ मधूनमधून बातम्या पाठवतो, २०२५ मध्ये एका जीन थेरपीच्या छोट्या ट्रायलमध्ये आजाराचा वेग बराच मंदावल्याचं आलं होतं, तो त्यावर फार आशा लावून आहे. थोड्या पेशंटवरचा अभ्यास आहे, पण त्याच्या आशेला मी हात लावत नाही, मलाही ती हवीच आहे.

लेकीने टेस्ट केलेली नाही. आत्ता करायची नाही असं तिचं म्हणणं आहे आणि आम्ही तिला एकदाही विचारलेलं नाही. मुलं व्हायच्या वेळी आयव्हीएफ करून जीन नसलेला गर्भ निवडता येतो हे तिने स्वतःच काउन्सेलर मॅडमना भेटून विचारून घेतलं. स्थळं येतात तेव्हा आमच्या नात्यातल्या बायकांचं म्हणणं की हे बोलू नका, लग्न झाल्यावर बघू. मला ते पटत नाही, लेकीला तर मुळीच नाही. गेल्या महिन्यात एका मुलाशी बोलणं पुढे गेलं, तेव्हा घरच्या बैठकीच्या आधी तिने त्याला एकट्याला कॉलेज रोडला कॉफीला बोलावलं आणि आजोबांपासनं सगळं सांगितलं, आईला आहे, मला असू शकेल, मी टेस्ट केलेली नाही. तो म्हणाला मला ह्यातलं काही माहीत नाही, वाचतो आणि मग बोलतो. दोन आठवड्यांनी त्याचा फोन आला, पण लेकीला नाही, मला. काकू, तुमच्या डॉक्टरांना मी भेटू शकतो का, असं विचारत होता. मी नंबर दिला. तो भेटून आलाय, पुढचं बोलणं अजून त्यांचं त्यांच्यात चालू आहे.